खेळातील गुडघ्याच्या दुखापतीवर ॲक्युपंक्चर घेताना या चुका टाळा

गेली अठरा वर्षे मी नागपुरात ॲक्युपंक्चरचे उपचार करतो आहे. मानकापूरच्या क्रीडा संकुलात बॅडमिंटन खेळणारी मुले, रेशीमबाग मैदानावरचे खेळाडू, फुटाळ्याच्या काठाने पहाटे धावणारी मंडळी आणि तालुक्यांतून येणारे कबड्डीपटू यांचे गुडघे माझ्या नित्याच्या पाहण्यातले आहेत. दुखापती निरनिराळ्या असल्या तरी त्यानंतर होणाऱ्या चुका बहुतेक त्याच असतात, आणि त्यांतल्या दोन चुकांमुळे इतक्या मुलांचे हंगाम वाया गेलेले मी पाहिले आहेत की त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला, असे मानणे

सुईमुळे वेदना कमी होऊ शकते आणि आखडलेला स्नायू सैल पडू शकतो. तुटलेले लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, मात्र सुईने सांधले जात नाही, सांध्यातली फाटलेली गादी जुळत नाही आणि वाळलेली मांडी भरून येत नाही. गुडघ्याच्या झिजेवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत खऱ्या आणि नकली सुयांमधला फरक लहानच आढळला, आणि ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शिकेत झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असेच म्हटले. हे मी रुग्णांपासून लपवत नाही, कारण सुईकडून काय मागावे आणि काय मागू नये हे ज्याला कळले आहे, त्यालाच तिचा उपयोग करून घेता येतो.

काही वर्षांपूर्वी काटोलकडचा एक एकोणीस वर्षांचा चढाईपटू माझ्याकडे आला. चढाईत अंग वळवताना त्याचा डावा गुडघा मुरगळला होता. एमआरआयमध्ये गुडघ्याच्या आतले पुढचे क्रूसिएट लिगामेंट अर्धवट फाटलेले दिसत होते, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचा निर्णय तूर्त पुढे ठेवून व्यायाम सांगितले होते. वाटीच्या वरच्या कडेपासून 15 सेंटीमीटरवर खूण करून मी दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, तेव्हा डावी मांडी अडीच सेंटीमीटरने बारीक भरली. गुडघ्यात पाणी झाले की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच दबते आणि दोन-तीन आठवड्यांत तो स्नायू उतरतो, हे मी त्याला समजावून सांगितले. आठवड्यातून दोनदा सुया लावल्या आणि घरचे व्यायाम कागदावर लिहून दिले. पाचव्या सिटिंगला तो आनंदाने म्हणाला, “सर, आता काहीच दुखून नाही राहिलं.” मी पुन्हा टेप लावली; फरक अजूनही दोन सेंटीमीटरचा होता. एका पायावर अर्धी बैठक घ्यायला सांगितली, तर गुडघा आतल्या बाजूला झुकत होता. खेळू नकोस असे मी त्याला स्पष्ट सांगितले. सहाव्या सिटिंगला तो आला नाही, आणि पुढे आला तो भावाच्या खांद्यावर हात टाकून. गावच्या स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात गुडघा निसटला होता. लिगामेंट पूर्ण तुटले होते आणि आतल्या बाजूची गादीही फाटली होती. शस्त्रक्रिया झाली आणि त्याचे वर्षभराचे खेळणे थांबले. व्यायामाचा कागद त्याने उघडूनही पाहिला नव्हता, आणि मीही पाच सिटिंगमध्ये त्याला एकदाही ते व्यायाम करून दाखवायला सांगितले नव्हते.

तेव्हापासून तिसऱ्या सिटिंगनंतर व्यायामाची वही पाहिल्याशिवाय मी सुई लावत नाही. काही जण रागावून निघून जातात; त्यांना मी थांबवत नाही. सुईनंतर दुखणे हलके होते तो काळ व्यायामासाठी वापरायचा असतो: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा सेकंद दाबून धरणे, पाय ताठ ठेवून उचलणे, आणि पुढे पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणे. उड्या मारणाऱ्या खेळाडूंना वाटीखाली जे दुखणे जडते, त्यात वजन घेऊन केलेल्या संथ व्यायामांनाही साधारण बारा आठवडे द्यावे लागतात, आणि लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत वळणे-थांबणे असलेल्या खेळात उतरल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो. मी एका पायावरची लांब उडी मोजतो. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत जात नाही, तोवर खेळण्यास माझी संमती नसते.

तपासणीच्या आधी सुई

मैदानावर गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्याच्या आत रक्तस्राव झाला असण्याची दाट शक्यता असते. असा खेळाडू सर्वप्रथम अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेला पाहिजे, माझ्याकडे नव्हे. चार पावले टाकता येत नसतील, गुडघा 90 अंशांपर्यंत वाकत नसेल, किंवा वाटीवर अथवा पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या वरच्या टोकावर दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर फाटलेल्या गादीचा तुकडा आत अडकलेला असू शकतो, आणि तो सुईने सुटत नाही. सांधा लाल, गरम झाला असून ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हे सारे सोडून आठ-आठ दिवस गरम तेलाने मालिश करून घेतलेले, कुणाकडून तरी गुडघा ‘बसवून’ घेतलेले आणि मग “एका सिटिंगमध्ये होईल ना?” असे विचारणारे लोक आले की मला मनापासून वाईट वाटते, कारण ते आठ दिवस परत मिळत नाहीत. ताज्या सुजेवर मालिश आणि शेक दोन्ही टाळावेत.

सुया कोण लावतो, हे न पाहणे

1938 साली भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते, आणि त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे ही पद्धत चीनमध्ये शिकून भारतात आणली. शरीररचना पक्की ठाऊक असलेल्या डॉक्टराने ती आणली होती, याची आठवण दोन दिवसांच्या वर्गातून सुया घेऊन मैदानावर उतरणाऱ्यांना करून द्यावीशी वाटते. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना जे खोलगट भाग असतात, त्यांना चिनी परंपरेत ‘गुडघ्याचे डोळे’ म्हणतात. तिथे सुई खोल गेली तर ती सांध्याच्या पोकळीत शिरते आणि जंतूही आत जाऊ शकतात. मी त्या जागी फारच कमी वेळा हात लावतो. चार बोटे खाली असलेला स्टमक 36 आणि मांडीच्या आतल्या उभारावरचा स्प्लीन 10 हे बिंदू मला अधिक भरवशाचे वाटतात. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आणि राज्य परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारायला संकोचू नये. सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले गेले पाहिजे. एका खेळाडूची सुई दुसऱ्याला लावली जात असेल, तर तिथून उठून यावे.

याशिवाय काही लहान चुका आहेत. सुयांची संख्या वाढवल्याने गुण वाढत नाही. मी सहा ते आठच लावतो. सुया असताना गुडघा वाकवू नये, कारण सुई आतच वाकते. मे महिन्यात नागपूरच्या उन्हातून उपाशीपोटी, पाणी न पिता आलेल्या माणसाला सुई लावताच भोवळ येते, म्हणून मी आधी त्याला पाणी देतो आणि आडवे करूनच सुई लावतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर ते आधी सांगावे; पेसमेकर असताना सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नये. सिटिंगच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तेही सांगावे, कारण गोळीने दबलेली दुखरी जागा मला बोटाने शोधता येत नाही.