तीन पैशांचा चिमटा: लघुकथा उलगडून कशी वाचावी

शाळेत गोष्ट संपली रे संपली की बाई विचारायच्या, ‘तात्पर्य काय?’ लघुकथा समजून घ्यायची तर आधी ही सवय मोडा. कथेचे सांधे कसे जुळलेत ते बघायचं. त्यासाठी प्रेमचंदांची १९३३ सालची ‘ईदगाह’ घेऊ. हिंदीच्या तासाला तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल.

पायरी १. एका बैठकीत वाचा. हातात पेन्सिल नको. दोन हप्त्यांत वाचलेली लघुकथा गार झालेल्या चहासारखी लागते.

पायरी २. कुणाला काय हवंय आणि अडतंय कुठे, हे शोधा. आईबाप नसलेला, चार-पाच वर्षांचा हमीद ईदच्या जत्रेला निघालाय. त्याच्याकडे आहेत तीन पैसे. मित्रांकडे कुणाकडे बारा, कुणाकडे पंधरा. झाला संघर्ष सुरू! संघर्ष म्हणजे मारामारीच असावी असं नाही. मित्र मिठाई खाताहेत आणि हमीद बघत उभा आहे, एवढ्यातही तो असतो.

पायरी ३. कलाटणीवर बोट ठेवा. इथे घाई करू नका, कथेचा जीव इथेच असतो. हमीद लोखंडी सामानाच्या दुकानापाशी थांबतो. दादीकडे चिमटा नाही, तव्यावरून पोळ्या उतरवताना तिची बोटं भाजतात, हे त्याला आठवतं. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो. हमीद काळीज घट्ट करून विचारतो, तीनला देणार का? आणि ओरडा बसेल म्हणून पुढे चालू लागतो. दुकानदार ओरडत नाही, बोलावून चिमटा देतो. लेखकाने हमीदला ‘समंजस’ म्हणण्याची गरजच उरत नाही. पात्र कळतं ते असं, त्याच्या वागण्यातून.

पायरी ४. कथा पाच वाक्यांत लिहा आणि वाक्यांच्या मध्ये ‘मग’ येतंय की ‘म्हणून’, ते तपासा. ‘मग’ने घटनांची नुसती रांग लागते, ‘म्हणून’ने कथानक होतं. दादीची बोटं भाजतात, म्हणून चिमटा. चिमटा घेतला, म्हणून खेळणं नाही.

पायरी ५. सांगतंय कोण? बहुतेक वाचक हे विचारतच नाहीत. ‘ईदगाह’ हमीदच्या तोंडून, ‘मी’ करून सांगून बघा. घरी काळजीत बसलेली दादी अमीना लगेच कथेतून गळेल. शेवटी ती आधी रागावते आणि मग रडत रडत दुआ देते, ते का, हे पोराला कळत नाही. प्रेमचंद तसं लिहितातही. म्हणजे सगळ्यांच्या मनात शिरणारा निवेदक नसता, तर हा शेवटच उभा राहिला नसता.

वातावरणासाठी वेगळी पायरी नको. निसर्गवर्णनं बाजूला ठेवा, वस्तू बघा: दोन-दोन पैशांची मातीची खेळणी घरी पोचल्यावर फुटतात, चिमटा तसाच राहतो.

आता दिवाळी अंकातली एखादी कथा घ्या आणि हेच करून बघा. पाचही वाक्यांत ‘मग’च येत असेल, तर लगेच कथेला नावं ठेवू नका. काही कथाकार कथानक मुद्दाम सैल सोडतात. तिथे पाचवी पायरी आधी घ्या.