आधी भरती-ओहोटीचं कोष्टक, मग शिबिराचं वेळापत्रक

समुद्रकाठच्या निवासी शिबिराचं वेळापत्रक माझ्याकडे येतं तेव्हा त्यात बहुधा तीन खाने आखलेले असतात. सकाळी योग आणि श्वसन, दुपारी चित्रकला, संध्याकाळी निसर्गफेरी. यातलं काहीच वाईट नाही, पण समुद्र त्यात कुठेच नसतो. हाच कागद डोंगरावर नेला तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही. मी अशा शिबिरांत चित्रकला शिकवते आणि दर वेळी एकच आग्रह धरते: आधी त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवा, बाकीचं त्यानंतर ठरवा.

कोष्टक वाचणं सोपं आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे आज सकाळी ८ वाजता पूर्ण ओहोटी असेल तर उद्या ती ८.५०च्या सुमाराला येईल आणि पाचव्या दिवशी सव्वाअकरा उलटून जातील. ‘रोज ८ वाजता खडकांवर’ असं छापून ठेवलंत, तर शेवटी शेवटी त्या वेळी खडक पाण्याखाली असू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं, तसंच ओहोटीला खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते आणि हा फरक कमी होतो. खडकांवरची फेरी हा शिबिराचा गाभा असेल तर तारखा उधाणाच्या धरा. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, काही ठिकाणी पाणी जेमतेम हलतं, म्हणून कोष्टक त्याच जागेचं हवं.

पाणी एकाच वेगाने चढत नाही, हे मदतनीसांना नीट समजावून सांगा. ढोबळ हिशेब असा: ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच पाणी वाढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. सुरुवातीला सगळं शांत दिसतं आणि नंतर परतीची वाट भराभर बुडते. म्हणून फेरी पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी सुरू करायची आणि ओहोटी पूर्ण झाली की मागे फिरायचं. आणखी दहा मिनिटं मागणारे लोक असतातच. त्यांना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा.

आता खडकांतली डबकी. इथे घाई करू नका. चार-पाच जणांना मिळून एकच डबकं द्या आणि अर्धा तास तिथेच बसवा. पहिली दहा मिनिटं वही बंद, बोलणं बंद, आणि पाण्यावर कुणाची सावली पडू द्यायची नाही, कारण सावली पडली की खेकडे आणि छोटे मासे कपारीत जातात. थोड्या वेळाने डोळे सरावतात. खडकावर पांढरे, खरखरीत, टोकदार ठिपके दिसतात ते बार्नॅकल, खडकाला कायमचे चिकटून राहणारे छोटे प्राणी. पाण्याबाहेर ते घट्ट मिटलेले असतात. तेच पाण्याखाली असले की वरची झडप उघडते, आतून पिसांसारखे पाय बाहेर येतात आणि पाण्यातलं अन्न ओढून पुन्हा आत जातात. हे पाहिल्यावर मोठी माणसंही खडकावर पालथी पडून बघत राहतात. शेजारी लिंपेट, म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले टोपीसारख्या शिंपल्याचे जीव, असतील तर त्यांना उपटायचं नाही. त्यांच्या कित्येक जाती चरून पुन्हा आपल्याच जागी येतात आणि शिंपल्याची कड त्या जागेला नेमकी बसलेली असते.

मग पेन्सिल. पहिलं चित्र कागदाकडे न बघता काढायला सांगते: नजर कडेवरून हळूहळू सरकेल तशी पेन्सिल सरकवायची. रेषा वेडीवाकडी येते, पण डोळा एकदाही कड सोडत नाही, आणि मला तेच हवं असतं. चित्राशेजारी स्वतःला पडलेले तीन प्रश्न लिहायचे. नंतर एकत्र बसाल तेव्हा ‘छान आलंय’ म्हणू नका, ‘काय दिसलं?’ असं विचारा. चित्र येत नाही म्हणून मागे बसणारी माणसं या प्रश्नाने बोलती होतात.

हात लावायचाच असेल तर आधी ओला करा. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. रिकामे शंखही तिथेच राहू द्या, संन्यासी खेकड्यांना राहायला तेच लागतात.

भरती दुपारी असेल तर ती वेळ अंगणातल्या कामाला द्या. माझी आवड सायनोटाइपची. ही निळ्या छपाईची पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी तिने समुद्रशैवालांचे ठसे काढायला सुरुवात केली, म्हणजे हे तंत्र अगदी सुरुवातीपासून समुद्राशी जोडलेलं आहे. हातमोजे घालून आदल्या संध्याकाळी मंद उजेडात कागदांना सायनोटाइपचं, उन्हाने रंग बदलणारं द्रावण लावा आणि अंधारात वाळवा. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेलं शैवालच घ्या, खडकावरचं तोडू नका. ते टिपून कोरडं करा, नाहीतर कागदावर डाग पडतात. वर काच ठेवून उन्हात ठेवा. उन्हाच्या जोरावर पाच ते वीस मिनिटं लागतात. मग पिवळेपणा जाईपर्यंत गोड्या पाण्यात धुवा. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि अल्काने हा निळा रंग फिकट होतो. धुतलेलं पाणी वाळूत ओतू नका. ठसा वाळता वाळता आणखी गडद होतो, त्यामुळे लगेच नाराज होऊ नका.

जलरंगासाठी ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), म्हणजे जाड कागद घ्या आणि दमट हवेत तो उशिरा वाळणार हे धरून चाला. समुद्राच्या पाण्यात रंगवायची हौस सगळ्यांना असते. त्यासाठी वेगळा कागद द्या आणि ब्रश लगेच गोड्या पाण्यात धुवायला लावा, कारण मिठाने ब्रशची धातूची पट्टी गंजते.

विश्रांतीसाठी वेगळा तास लावण्यापेक्षा खडकांवरून आल्यावर वीस मिनिटं सावलीत बसवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, जमेल तितकंच. गरगरलं तर सोडून द्यायचं. ‘लाटेबरोबर श्वास घ्या’ असं काही जण सांगतात, मी सांगत नाही. दोन लाटांमधलं अंतर सारखं नसतं आणि तिच्या मागे धावताना माणूस उलट धापा टाकतो. लाट फक्त ऐकू द्या.

वाळूवरून चालताना ओल्या, घट्ट भागावरून चाला आणि त्याच वाटेने परत या. किनारा उतरता असतो, एकाच दिशेने चाललं तर एका पायावर जास्त भार येतो. १० ते ४ मध्ये शक्यतो माणसांना फार वेळ उघड्या उन्हात ठेवू नका. वाळूवरून परतणारं ऊनही भाजतं. किनाऱ्यावर पडलेली जेलीफिश मेलेली दिसली तरी डंख करू शकते. जीवरक्षक नसेल तर पोहणं कार्यक्रमात नकोच.

ज्यांना वाळूत उतरता येत नाही त्यांचा विचार खोल्या देतानाच करा. संशोधक रॉजर उलरिक यांच्या १९८४च्या अभ्यासात खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तिथे समुद्र नव्हता, झाडं होती, तरी समुद्रासमोरची खोली कुणाला द्यायची हे मी त्यावरून ठरवते: गुडघे दुखणाऱ्यांना आधी. डबक्यातल्या पाण्याचं एक पसरट भांडं आणि भिंग त्यांच्यापर्यंत पोहोचवा, तासाभरात ते पाणी त्याच डबक्यात परत सोडा. यासाठी नावनोंदणीच्या अर्जातच विचारून ठेवा: ओल्या खडकावर चालता येतं का, उन्हाचा त्रास होतो का, कोणतं औषध जवळ लागतं. आणि कोष्टकाची एक प्रत प्रत्येकाच्या खोलीच्या दारावर चिकटवा.