नर्व्ह कंडक्शनचे कोडिंग हाती घेण्यापूर्वीची तयारी

पुणे, नवी मुंबई किंवा नागपूरच्या कचेरीत बसून अमेरिकेतील डॉक्टरांचे बिलिंग करणाऱ्या कोडरकडे (तपासण्या व निदाने ठरावीक क्रमांकांत लिहिणाऱ्याकडे) न्यूरॉलॉजीचे, म्हणजे मेंदू व नसांच्या विकारांचे, चार्ट प्रथमच येतात, तेव्हा सर्वांत आधी टेबलावर चालू वर्षाचे सीपीटीचे, म्हणजे तपासण्या व उपचारांच्या कोडांचे, पुस्तक आहे की नाही ते पाहावे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे हे कोड दरवर्षी १ जानेवारीला बदलतात, तर निदानाचे आयसीडी-१०-सीएमचे कोड मुख्यतः १ ऑक्टोबरला बदलतात. त्यामुळे तपासणी ज्या तारखेला झाली, त्या तारखेला लागू असलेली आवृत्ती उघडावी. चार्ट आपल्या हाती कधी आला याला येथे महत्त्व नाही. जुन्या सहकाऱ्याने दिलेली हस्तलिखित टिपणे असतील तर ती कोणत्या वर्षाची आहेत हे आवर्जून विचारावे. मोटर (हालचालीच्या) आणि सेन्सरी (संवेदनेच्या) नसांसाठी प्रत्येक नसेमागे स्वतंत्र युनिट लावण्याची ९५९००, ९५९०३ आणि ९५९०४ या कोडांची पद्धत २०१२ अखेर संपली, तरी त्या सवयीची छाया अनेक टिपणांत अजून दिसते.

शब्दांची ओळख आधी करून घ्यावी. आपल्याकडे डॉक्टर सरसकट ‘एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, नसेतील संदेशाचा वेग) काढून या’ असे सांगतात, पण अमेरिकन चार्टमध्ये बहुधा ‘एनसीएस’ (नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसेला हलके विद्युत उद्दीपन देऊन तिचा प्रतिसाद मोजणे) लिहिलेले असते आणि ते अधिक नेमके आहे, कारण या तपासणीत केवळ वेग मोजत नाहीत, लेटन्सी (प्रतिसाद यायला लागलेला वेळ) आणि अॅम्प्लिट्यूडही (प्रतिसादाचा जोर) मोजतात. सुई टाकून स्नायूंची जी तपासणी होते ती ईएमजी. ती वेगळी असून तिचे कोडही वेगळे आहेत. मीडियन, अल्नर, रेडियल, पेरोनियल, टिबियल आणि सुरल या नसांचा मार्ग हातापायाच्या एका साध्या आकृतीवर स्वतः रेखाटून जवळ ठेवावा. मनगट, कोपर, घोटा ही ठिकाणे कोणत्या नसेवर येतात हे डोळ्यांसमोर असले की अहवालातील तक्ता वाचणे सोपे जाते.

यानंतर मोजणी, आणि माझ्या मते या कामातील निम्म्याहून अधिक चुका येथेच होतात. २०१३ पासून एनसीएसला अभ्यासांच्या एकूण संख्येवरून एकच कोड लागतो: एक ते दोन अभ्यासांसाठी ९५९०७, तीन ते चारसाठी ९५९०८, पाच ते सहासाठी ९५९०९, सात ते आठसाठी ९५९१०, नऊ ते दहासाठी ९५९११, अकरा ते बारासाठी ९५९१२ आणि तेरा किंवा अधिकसाठी ९५९१३. एका दिवसाच्या तपासणीसाठी यांपैकी एकच कोड, एकाच युनिटने लावावा. दोन्ही हात तपासले म्हणून दोन कोड किंवा ५० क्रमांकाचा, म्हणजे दोन्ही बाजू दाखवणारा, मॉडिफायर (कोडाला जोडायचा पुरवणी क्रमांक) लावू नये, कारण दुसऱ्या बाजूच्या नसा त्याच बेरजेत येतात. ‘अभ्यास’ म्हणजे काय हे मात्र नीट समजून घ्यावे. एका नसेची मोटर तपासणी हा एक अभ्यास असून तिच्यासोबत एफ-वेव्ह (मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतणारा उशिराचा प्रतिसाद) काढली तरी तो एकच राहतो. सेन्सरी तपासणी दुसरा अभ्यास ठरते. एच-रिफ्लेक्स (नसेतून उमटणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची तपासणी) स्वतंत्र मोजावा. एकाच नसेला मनगटाशी, कोपराखाली आणि कोपरावर असे तीन ठिकाणी उद्दीपन दिले तरी अभ्यास एकच. सुरुवातीला मी अल्नर नसेच्या तक्त्यातील तीन ओळी पाहून तीन अभ्यास धरले होते आणि ऑडिटमध्ये तो चार्ट परत आला. तेव्हापासून मी तक्त्यातील ओळी न मोजता नसांची नावे बाजूच्या कागदावर उतरवून मोजतो. कोणती नस स्वतंत्र धरायची याचा वाद उद्भवला तर सीपीटीच्या अपेंडिक्स जे मधील यादी पाहावी. उदाहरणार्थ, पेरोनियल नसेच्या मोटर तपासणीत पायाच्या पाठीवरील छोट्या स्नायूवरून घेतलेली नोंद आणि नडगीपुढच्या टिबियालिस अँटेरियरवरून घेतलेली नोंद तेथे वेगवेगळी दिलेली आहे. प्रतिसाद मिळाला नाही अशी नोंद असेल तर तो अभ्यास गाळू नये, कारण प्रतिसादाचा अभाव हाही निष्कर्षच आहे.

सरावासाठी एक उदाहरण हाताने सोडवून ठेवावे. उजव्या हाताला मुंग्या येणाऱ्या रुग्णाची मीडियन मोटर एफ-वेव्हसह, अल्नर मोटर तीन ठिकाणी उद्दीपन देऊन, तर्जनीवरून मीडियन सेन्सरी, करंगळीवरून अल्नर सेन्सरी आणि रेडियल सेन्सरी अशी तपासणी झाली, तर अभ्यास पाच होतात आणि कोड ९५९०९ येतो. तुलनेसाठी डाव्या हाताची मीडियन मोटर आणि मीडियन सेन्सरी जोडली की बेरीज सात होऊन कोड ९५९१० होतो. एका अभ्यासाच्या फरकाने कोड बदलू शकतो, म्हणून मोजणी दोनदा करावी.

त्याच दिवशी ईएमजी झाली असल्यास ९५८८५, ९५८८६ आणि (हातपाय सोडून इतर स्नायूंसाठी) ९५८८७ हे ऍड-ऑन कोड पाहावेत. ते एनसीएसच्या मुख्य कोडाशिवाय एकटे जात नाहीत. हातातील किंवा पायातील पाच वा अधिक स्नायू तपासले असतील आणि ते तीन किंवा अधिक नसांचे अथवा मणक्याच्या चार किंवा अधिक स्तरांचे असतील तरच ९५८८६ लागतो, अन्यथा ९५८८५. हे दोन्ही कोड प्रत्येक हातापायामागे एक युनिट याप्रमाणे, एकत्रित चारपर्यंत. वरच्या उदाहरणात अंगठ्याचा मीडियनचा, पंजातील अल्नरचा, प्रोनेटर टेरेस, ट्रायसेप्स आणि बायसेप्स असे पाच स्नायू तपासले असतील तर ९५८८६ एकदा लावावा. एखादा स्नायू अहवालात केवळ वर्णनात आला असून तक्त्यात नसेल, तर तो न मोजता डॉक्टरांकडे लेखी विचारणा करावी. एनसीएस न करता फक्त ईएमजी केली असेल तर ९५८६० पासूनचे जुने कोड अजूनही चालतात. तयार इलेक्ट्रोडच्या साच्याने केलेल्या तपासणीचा ९५९०५ हा कोड निराळा आहे आणि तो वरील एनसीएस कोडांसोबत कधीही लावत नाहीत.

निदानाच्या कोडाची तयारी करताना बाह्यरुग्णासाठी ‘संशय’, ‘बहुधा’ किंवा ‘वगळण्यासाठी’ असे लिहिलेले निदान कोड करायचे नाही, हा नियम पक्का करावा. डॉक्टरांच्या अंतिम अहवालात कार्पल टनेलची (मनगटात मीडियन नस दबण्याची) खात्री झाली असेल तर उजव्या बाजूसाठी जी५६.०१, डाव्यासाठी जी५६.०२ आणि दोन्हींसाठी जी५६.०३ घ्यावा, अहवाल सामान्य आला असेल तर ज्या लक्षणासाठी रुग्ण आला ते घ्यावे, म्हणजे बधिरतेसाठी आर२०.० आणि मुंग्यांसाठी आर२०.२. टाइप दोन मधुमेहासोबत पॉलीन्यूरोपथी (अनेक नसांचा विकार) असेल तर ई११.४२ येतो, तेथे गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाचा ई११.९ जोडण्याचा मोह टाळावा. बाजू लिहिलेली नसेल तर अंदाज बांधू नये.

चार्टमध्ये काय असलेच पाहिजे हेही आधीच ठरवून ठेवावे: प्रत्येक नसेचे नाव व बाजू, उद्दीपनाचे आणि नोंदीचे ठिकाण, आकडे, हातापायाचे तापमान (हात थंड असला की वेग कमी दिसतो, म्हणून ही नोंद किरकोळ समजू नये), डॉक्टरांचे स्वतःचे अर्थनिर्णयन आणि सही. यंत्राने छापलेला निष्कर्ष तेवढाच असेल तर क्लेम (विमा कंपनीकडे पैशांची मागणी) पुढे पाठवू नये.

मॉडिफायरबाबत फार वेळ लागत नाही. यंत्र रुग्णालयाचे आणि अर्थ लावणारे डॉक्टर स्वतंत्र असतील तर डॉक्टरांच्या क्लेमवर २६ (केवळ अर्थ लावण्याच्या कामासाठी) लागतो. डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यात स्वतःच्या यंत्रावर तपासणी झाली तर काहीच नाही. त्याच दिवशीच्या सल्ल्याचे पैसे मागायचे असतील तर तो सल्ला तपासणीपलीकडचा आणि वेगळा नोंदलेला आहे याची खात्री करूनच २५ लावावा. क्लेमच्या फॉर्मवर बारा निदाने मावतात, पण एका ओळीला चारच जोडता येतात.

शेवटी, मोजणीचा तो बाजूचा कागद फेकून न देता कंपनीच्या सुरक्षित प्रणालीत क्लेमच्या नोंदीला जोडावा. रुग्णाचे नाव असलेला कागद खिशात किंवा फोनमध्ये जाता कामा नये. मेडिकेअरने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने) क्लेम नाकारला तर पहिल्या अपिलासाठी निर्णय हाती आल्यापासून १२० दिवस मिळतात, आणि तोवर तपासणी कशी मोजली हे आपल्यालाही आठवत नसते.