डेबियन अपग्रेड करताना आपल्या सेटिंग्ज घालवणाऱ्या या चुका टाळा

डेबियन या लिनक्स प्रणालीत सेटिंग्ज ईटीसी फोल्डरमध्ये असतात. त्यातील एखादी फाइल आपण बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर अपग्रेड मध्येच थांबते आणि कोणती फाइल ठेवायची ते विचारते. हा प्रश्न न वाचता उत्तर देणारे लोक मला दर अपग्रेडला भेटतात.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचा सर्व्हर डेबियन 11 वरून 12 वर नेण्याचे काम मी एका नवशिक्या मुलाकडे सोपवले होते. एसएसएचच्या, म्हणजे दूरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या, फाइलचा प्रश्न आला तेव्हा जुनी फाइल ठेवण्याचा पर्याय आधीच निवडलेला होता. याने ‘नवे ते चांगले’ म्हणत बाण वर नेऊन नवी फाइल घेतली. आम्ही लॉगिनसाठी 2222 हा पोर्ट (जोडणीचा दरवाजा क्रमांक) ठेवला होता आणि फायरवॉलमध्ये तेवढाच उघडा होता, तर नव्या फाइलमध्ये 22. चालू जोडणी तुटली नाही, त्यामुळे रीस्टार्ट होईपर्यंत कोणालाही काही कळले नाही. नंतर मात्र दूरून लॉगिनच होईना. रात्री साडेअकराला मी मॉनिटर आणि कीबोर्ड गाडीत टाकून पंचवटीहून अंबडला गेलो. आमची फाइल ‘यूसीएफ-ओल्ड’ असे शेपूट लावून तिथेच पडली होती. दुरुस्तीला दोन मिनिटे लागली, रखवालदाराची समजूत काढायला अर्धा तास.

तेव्हापासून रीस्टार्टपूर्वी मी दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहतो, आणि आपले बदल मूळ फाइलमध्ये न करता ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइलमध्ये लिहितो, म्हणजे तो प्रश्न बहुधा येतच नाही.

डोळे मिटून प्रत्येक वेळी जुनीच फाइल ठेवणे हीही चूकच आहे. डेबियन 13 मधील डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या 2.4 आवृत्तीला 2.3 ची फाइल चालत नाही. ती ठेवली तर मेल सेवा सुरूच होत नाही. अशा वेळी फरक दाखवण्याचा पर्याय निवडून तो वाचावा. दहा मिनिटे जातात, पण एवढाही धीर नसणाऱ्याने सर्व्हरला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेबसाइट चालवणाऱ्या पीएचपी या भाषेची सेटिंग्जची फाइल आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते, त्यामुळे 7.4 मधील बदल 8.2 मध्ये आपोआप येत नाहीत आणि अपलोडची मर्यादा पुन्हा 2 एमबी होते.

ईटीसीची प्रत त्याच यंत्रावर ठेवू नये. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या ‘साइट्स-एनेबल्ड’ फोल्डरमध्ये तर मुळीच नको, कारण तो त्या फोल्डरमधील प्रत्येक फाइल वाचतो, तुमची ‘.बॅक’ फाइलसुद्धा.