ओकिनावात कराटे शिकायला जायचंय?

क्लासमध्ये ब्लॅक बेल्ट मिळाला की अनेकांना ओकिनावाचे, म्हणजे कराटे जिथे जन्मलं त्या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांचे, वेध लागतात. मीही त्याच नादात तिथल्या नाहा या मुख्य शहरात गेलो. तिथे माझ्या पट्ट्याचं कुणालाच कौतुक नव्हतं, आणि ते बरंच झालं.

आपल्याकडे क्लास म्हणजे रांगा, 'इचि, नि, सान' (एक, दोन, तीन) आणि ठरल्या वेळी ग्रेडिंग. ही पद्धत तशी अलीकडची. 1879 मध्ये जपानने ऱ्यूक्यूचं, म्हणजे तेव्हाच्या ओकिनावाचं, राज्य खालसा केलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आन्को इतोसू यांनी कराटे शाळांमध्ये नेलं आणि मुलांसाठी पाच पिनान काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) बांधले. शोतोकान शैलीवाले तेच 'हेयान' म्हणून शिकतात. काळा पट्टाही मूळचा ज्युदोचा. त्याआधी एक गुरू, मोजके शिष्य, एवढाच मामला.

नाहातल्या गोजू-ऱ्यू शैलीच्या लहान दोजोत (सरावाच्या जागेत) तो जुना बाज अजून सापडतो. कान्ऱ्यो हिगाओन्ना चीनमधल्या फूचौहून शिकून आले, त्यांचे शिष्य चोजुन मियागी यांनी ही शैली घडवली. तिचा पाया सान्चिन. पाहणाऱ्याला कंटाळवाणा काता: मोजकी पावलं, सावकाश ठोसे, पोटातून घेतलेला श्वास. तुम्ही उभे असता आणि सेन्सेई (गुरू) मागून खांद्यांवर, पाठीवर थापा मारतात, मांड्या चाचपतात. जिथे स्नायू सैल, तिथे हात पडतो. ओरडा नाही, भाषण नाही. चूक कुठे झाली ते अंगालाच कळतं.

मग साधनं. निगिरी-गामे म्हणजे वाळू भरलेली मडकी. काठाला बोटांनी धरून सान्चिनच्या पावलांनी चालायचं. दंड राहिले बाजूला, आधी बोटं बोंबलतात. माकिवारावर, म्हणजे ठोसे मारायच्या खांबावर, पहिल्या दिवशी मर्दुमकी गाजवू नका. कातडी सोलली तर पुढचे दिवस बघत बसावं लागतं.

थेट दोजोच्या दारात जाऊन उभं राहू नका. आपल्या शिक्षकांकरवी आधी कळवा. ओळख नसेल तर नाहाशेजारच्या तोमिगुसुकूतल्या कराटे कायकान या केंद्रामध्ये (2017 पासून सुरू आहे) परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते. बिल्ले नसलेला पांढरा गी (कराटेचा पोशाख) न्या, नखं कापा. फडक्याने लादी पुसायची वेळ आली तर पुढे व्हा.

शाकाहारी मंडळींचे मात्र हाल. कारल्याची भाजी, म्हणजे गोया चाम्पुरू, पाहून जीव हरखतो, पण तिच्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं आणि साध्या रश्शातही मासा. डाळ-तांदूळ शिजवता येईल अशी खोली बघा.