मिरगाआधी गोचिडाची तयारी

मिरगाचा पहिला पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत ढोराच्या कानात, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड दिसू लागतात आणि मग औषधासाठी धावपळ सुरू होते. तयारी रोहिण्यातच व्हायला हवी. अंगावर दिसतात ते एकूण गोचिडांतले थोडेच. बाकीचे कोठ्याच्या भेगांत, शेणाच्या ढिगाभोवती, धुऱ्यावरच्या गवतात असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते, आडोसा शोधते, एकाच वेळी हजारो अंडी घालते आणि मरते. अंड्यातून सहा पायांचं, डोळ्यांना जेमतेम दिसणारं पिल्लू निघतं. ते गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहतं. त्या पायांवरच्या अवयवानं त्याला जवळ आलेल्या ढोराचा श्वास आणि ऊब कळते. म्हणून आधी कोठा, औषध त्यानंतर.

उन्हाळ्यात ढोरं झाडाखाली बांधता येतात, तेवढ्यात कोठा पूर्ण रिकामा करा. गव्हाणीखालचं जुनं कुटार, कोपऱ्यातली कुजकी तणस, मोडके दोर, सगळं बाहेर. मग भिंती बघा. थायलेरिया, म्हणजे ढोरांना गोचिडातून होणारा तापाचा आजार, पसरवणारा हायलोमा जातीचा गोचीड मातीच्या भिंतीच्या फटींत अंडी घालतो, तिथंच कात टाकतो. फटी माती-चुन्यानं बुजवा आणि वरून चुना मारा. पक्क्या भिंतीच्या कोठ्यात फ्लेमगन फिरवली तर फटीतली अंडी-पिल्लं जळतात. पण छत गवताचं असेल किंवा बाजूला पऱ्हाट्या रचल्या असतील तर ती हातातही घेऊ नका. उकिरडा कोठ्याला लागून नको. कोंबड्या असतील तर कोठ्यात मोकळ्या फिरू द्या, त्या गोचीड वेचून खातात. फवारणीनंतर मात्र जागा कोरडी होईपर्यंत त्यांना डालून ठेवा.

बाजारातून नवीन जनावर आणलं तर ते पहिले दोन-तीन आठवडे वेगळं बांधा आणि अंगावरचे गोचीड गेल्याशिवाय दावणीला आणू नका. दावणीला जर्सी किंवा होल्स्टिनची संकरित गाय असेल तर लक्ष दुप्पट हवं. गवळाऊ किंवा कठाणी गाय गोचीड बरीच सोसते. संकरित गाय आणि तिची वासरं थायलेरियानं लवकर बसतात.

औषधाबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीनं सांगायचंय. कपाशीवर फवारून उरलेली बाटली ढोरासाठी वापरू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विष माणसाच्या अंगात कसं शिरतं हे आपण जवळून पाहिलंय. जनावरांसाठी डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, अमिट्राझ अशी वेगळी औषधं मिळतात. कोणतं आणि किती, हे पशुवैद्यकाला विचारा. पाण्यात मिसळायचं औषध मापानंच घ्या, बुचाच्या अंदाजानं नाही. दावणीतल्या सगळ्या ढोरांना एकाच दिवशी लावा, कानाच्या आत आणि मांडीच्या खोबणीत विसरू नका. स्वतः हातमोजे घाला, तोंडाला दुपट्टा बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. एकदा मारून काम होत नाही, कारण जमिनीवरच्या अंड्यांना अंगावरचं औषध पोचत नाही. लाल लघवीचा आजार पसरवणारा गोचीड पिल्लापासून मोठा होईपर्यंत एकाच ढोराच्या अंगावर जवळपास तीन आठवडे काढतो, म्हणून पुढची पाळी साधारण २१ दिवसांनी धरतात. वर्षानुवर्षं एकच औषध मारलं की गोचीड त्याला दाद देत नाहीत. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला विचारल्याशिवाय देऊ नका, ते दुधात उतरतं.

घरात जनावरांचा थर्मामीटर ठेवा. ताप १०४ च्या वर, खांद्यापुढची गाठ सुजलेली, दूध एकदम कमी, डोळ्यांच्या आतला भाग पांढरट: थायलेरियाचा संशय घ्या. लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसिया, म्हणजे वर सांगितलेला लाल लघवीचा आजार. दोन्हींत तासांना किंमत असते. १९६२ वर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवा आणि कानाच्या रक्ताची काचपट्टी तपासायला सांगा.

कुत्र्याला विसरू नका. त्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड घरातच फटींत वाढतो, आणि माणसाला होणाऱ्या गोचीड तापाचे जंतू त्याच्यातही असू शकतात.

आता माणसांचं. गोचिडातूनच पसरणाऱ्या माकडतापाच्या बातम्या सिंधुदुर्गाकडून येतात, तो तिकडच्या जंगलातला आजार. आपल्याकडे विदर्भात काळजी दोन तापांची: गोचीड चावून येणारा ताप, आणि स्क्रब टायफस. दुसरा गोचिडाच्या नात्यातल्या, त्याहून कितीतरी बारीक किड्याच्या चिगर नावाच्या पिल्लामुळे होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्यानं माणसं गेली. निंदण, गवतकापणी, सोयाबीनची सोंगणी, धानाची कापणी हा त्याचा काळ. वावरात जाताना पूर्ण बाह्या, पायजम्याची टोकं मोज्यात, जेवायला बसताना खाली ताडपत्री. घरी आल्यावर लगेच आंघोळ, कपडे गरम पाण्यात. लेकरांच्या कानामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली रोज बोट फिरवून बघा.

गोचीड चिकटलेला दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. पेटती बिडी नको, तेल नको, रॉकेल नको. ढोराचा असो की माणसाचा, नखानं चिरडू नका. त्याच्या पोटातलं रक्त बोटाच्या चिरेतून शरीरात जाऊ शकतं. साबणाच्या पाण्यात टाका आणि हात धुवा.

नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर चाव्याच्या जागची काळी खपली शोधा. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोग्याला माहीतच नसते, आणि बायका लाजेनं दाखवत नाहीत. ती न दिसताही हा ताप असू शकतो. डॉक्टरांना आपणहून सांगा: वावरात होतो, घरी ढोरं आहेत, गोचीड चावला होता. तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर तेही दाखवा. हे दोन्ही ताप डॉक्सिसायक्लिननं उतरतात, नेहमीची पेनिसिलिनसारखी औषधं त्यांवर चालत नाहीत, आणि संशय पक्का असेल तर डॉक्टर तपासणीच्या कागदासाठी थांबत नाहीत. घरात गरोदर बाई असेल तर ते पहिल्या वाक्यातच सांगा, तिचं औषध वेगळं असतं.