रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करताय? आयटीतल्या मंडळींनो, या चुका टाळा

हिंजवडी-वाकड भागात आमचा सात-आठ जणांचा गट आहे. कुणी टेस्टिंग करतं, कुणी डेटाबेस सांभाळतं आणि जवळपास प्रत्येकाच्या घरी कुत्रं आहे. शनिवार-रविवारी आम्ही रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नोंदी ठेवतो, त्यांच्या लसीकरणाचा आणि नसबंदीचा पाठपुरावा करतो. नव्याने येणारी मंडळी आम्ही अडखळलो तिथेच अडखळतात, म्हणून हे लिहितेय.

पिल्लू उचललं आणि थेट घरात आणलं

गटातल्या एकीला बांधकामाच्या जागेवर एकटं पिल्लू सापडलं. तिने ते घरी आणलं आणि आपल्या पाच महिन्यांच्या कुत्रीच्याच भांड्यात दूध दिलं. चौथ्या दिवशी पिल्लाला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्वो होता, म्हणजे कुत्र्यांमधला जीवघेणा, संसर्गजन्य आजार. पिल्लू गेलं. तिच्या कुत्रीचे डोस पूर्ण झाले नव्हते. तीही आजारी पडली आणि नऊ दिवस सलाईनवर होती.

पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि आपलं नेहमीचं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ करा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं तसंच राहू द्या. नवं पिल्लू किमान १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. त्याची भांडी वेगळी आणि त्या खोलीत जायच्या तुमच्या चपलाही वेगळ्या. आधी घरच्या कुत्र्याचं खाणंपिणं उरका, नंतर पिल्लाकडे जा. वेगळी खोली नसेल तर ज्यांच्या घरी कुत्रं नाही असं कुणी शोधा. आणि पिल्लाची आई आसपास असेल तर ते उचलूच नका.

आधी ॲप, मग कुत्री

कुत्र्यांच्या नोंदींसाठी आम्ही तीन वीकेंड खपून ॲप बनवलं. पहाटे साडेपाचला पोळ्या घेऊन येणाऱ्या काकूंनी आणि सोसायटीच्या वॉचमनकाकांनी ते एकदाही उघडलं नाही. त्यांना कुत्री ‘काळ्या’, ‘लंगडी’, ‘मंदिरवाली’ अशी माहीत होती, आणि ती माहिती आमच्यापेक्षा कितीतरी पक्की होती. आता काकू व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि आम्ही तो शीटमध्ये भरतो.

एकच कुत्रं तीनदा नोंदलं गेलं, तर फोटो कसे काढलेत ते बघा. तांबूस कुत्री सारखीच दिसतात, म्हणून डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन्ही फोटो हवेत. कानाला खाच आहे का, हेही लिहा. खाच म्हणजे नसबंदी झालेली. मादी दूध पाजतेय का आणि कुत्रं सहा महिन्यांचं झालंय का, यासाठी वेगळे रकाने ठेवा. पिल्लांना पाजणारी मादी किंवा सहा महिन्यांखालचं पिल्लू नसबंदीसाठी उचलायचं नसतं.

आमची सगळ्यात मोठी चूक जागेच्या नोंदीत झाली. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. कुत्री उचलणाऱ्यांना आम्ही नुसता नकाशावरचा पिन दिला होता. उंच इमारतींमध्ये पिन वीस-तीस मीटर सहज सरकतो. एक मादी त्यामुळे शेजारच्या गल्लीत सोडली गेली, तिथल्या टोळीने तिला फाडलं आणि तिला अकरा टाके पडले. तेव्हापासून आम्ही शब्दांत लिहितो: ‘चहाच्या टपरीमागे, पिंपळाखाली’. शिवाय शाळा, रुग्णालय, बसस्थानक किंवा रेल्वे स्थानकाच्या आवारातलं कुत्रं असेल तर ते ठळक नोंदवा. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार अशा आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत.

शीट सगळ्यांसाठी खुली ठेवू नका. विष घालणारेही नकाशा वाचतात.

चिपवर भलता भरवसा

ओळखीसाठी कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात ती चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तिच्यात बॅटरी नसते, १५ आकडी क्रमांक असतो आणि तो वाचायला स्कॅनर अगदी अंगाजवळ धरावा लागतो. क्यूआर कोडचा पट्टा स्वस्त पडतो, पण कोड चिखलात पुसला जातो, म्हणून फोन नंबर मोठ्या आकड्यांत छापा. वाढत्या पिल्लाला पट्टा घालू नका, तो मानेत रुततो.

आधी लस न घेता हात लावणं

रेबीजची लस काम सुरू करण्याआधीच घ्या. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. आधी पूर्ण लस घेतलेल्यालाही पुन्हा दोन डोस लागतात, त्याच दिवशी एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी दुसरा.

घरच्या कुत्र्याला फेरीवर नेणं

आपलं कुत्रं प्रेमळ असतं, पण रस्त्यावरच्यांच्या दृष्टीने ते हद्दीत घुसलेलं असतं. त्याला खाऊ घालण्याच्या फेरीवर नेऊ नका. त्याची खरी मदत दुसरीकडे होते, ती म्हणजे रक्तदानात. गोचीड तापाने रक्त उतरलेली रस्त्यावरची कुत्री नेहमी येतात आणि ऐनवेळी दाता मिळत नाही.

दाता साधारण १ ते ८ वर्षांचा, २५ किलोच्या वर, लसीकरण झालेला आणि शांत असावा. धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातही गोचीड तापाचे जंतू लपलेले असू शकतात, म्हणून तपासणीशिवाय रक्त देऊ नका. ज्या आजारी कुत्र्याला आधी कधी रक्त चढवलंय, त्याच्या बाबतीत दात्याच्या रक्ताशी जुळणी करून घ्याच. आणि आपलं कुत्रं टेबलावर सतत ओठ चाटत असेल, शेपूट पोटाखाली घेत असेल, तर त्या दिवशी घरी परत या, समोरचा रुग्ण कितीही गंभीर असला तरी.

आमच्या शेरूला दुसऱ्या वेळी असंच परत आणलं. तिसऱ्या वेळी तो माझ्या मांडीवर डोकं टेकून निवांत पडून राहिला, आणि ते रक्त ‘मंदिरवाली’ला मिळालं. त्याच्या मानेवरचे भादरलेले केस अजून पुरते आलेले नाहीत.